आरे वाचवायची तर तबेलेही वाचवा

मुंबईतल्या आरे कॉलनीचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी एकाच प्रश्नावर येते, ते जंगल आहे की नाही. एक बाजू म्हणते बिबट्या फिरतो ते जंगल नाही तर काय, दुसरी बाजू कागद काढून दाखवते की ही दुग्धविकास खात्याची जमीन आहे, इथे जंगल कुठंय. मेट्रोच्या गाड्या ठेवायच्या कारशेडसाठी इथली झाडं तोडली त्या २०१९ पासून हेच ऐकतेय. मी लहानाची मोठी मरोळला झाले, आता गोरेगाव पूर्वेला राहते, म्हणजे आरेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आले एवढंच, आणि मला कायम वाटतं की या भांडणात आरे मुळात काय आहे हेच बाजूला पडतं. आरे ही फार्म आहे. म्हशींची, गवताची, लोकांच्या पैशातून लोकांसाठी उभी केलेली फार्म. आणि ती तशीच, फार्म म्हणून, सगळ्यांना फिरायला मोकळी ठेवून जपली पाहिजे असं माझं अगदी ठाम मत आहे.

थोडं मागे जाऊया. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईचं बरंचसं दूध मुंबईतच निघायचं. वस्तीच्या मधे, गल्लीबोळात, मिळेल त्या जागी तबेले, शेण गटारात, दुधात पाणी, आणि त्यात महायुद्धाच्या काळात दुधाची टंचाई. मग मुंबई सरकारने बॉम्बे मिल्क स्कीम काढली, आणंदहून रेल्वेने दूध यायला लागलं, आणि मिल्क कमिशनर दारा खुरोडी यांनी अजून एक मोठं काम हातात घेतलं, शहरातल्या म्हशी बाहेर काढायच्या आणि एका जागी नीट वसवायच्या. त्यातून १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली. आरे, मरोशी, परजापूर, पासपोली, व्यारावली अशा गावांच्या शिवारातली जमीन, एकूण १२८७ हेक्टर, म्हणजे तीन हजार एकरांच्याही वर. १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरू आले, त्यांनी इथे झाड लावलं. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मिळाला. कुरियन सगळ्यांना माहीत आहेत, खुरोडींचं नाव मात्र गोरेगावात सुद्धा कोणाला विचारलं तर सांगता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्या माणसामुळे आपल्याला ही एवढी जागा मिळाली त्याच्या नावाचा एखादा मोठा फलक तरी गेटवर हवा.

आणि ती फार्म चालायची कशी हे समजून घेण्यासारखं आहे. सरकारने तबेल्यांची युनिटं बांधली, तीसेक युनिटं, आणि तबेलेवाल्यांना लायसन देऊन तिथे जनावरं ठेवायला दिली. जनावर मालकाचं, जागा सरकारची. एकूण सोळा हजारांच्या आसपास जनावरं. आता एवढ्या म्हशी म्हटल्यावर चारा किती लागणार, म्हणून युनिटांच्या मधे, उतारावर, ओढ्याकाठच्या दलदलीत पॅरा गवताचे प्लॉट. तबेले धुतल्यावर जे शेणपाणी निघायचं ते त्याच प्लॉटमध्ये सोडायचं, त्यावर गवत वाढायचं, गवत कापून परत म्हशींना. म्हणजे शेण, पाणी, गवत, दूध असं सगळं तिथल्या तिथे फिरत राहायचं आणि त्यासाठी मोकळी जमीन लागायचीच. एक युनिट इथे, दुसरं बरंच लांब, मधे गवत, झाडं, ओढा.

मला वाटतं आरेची सगळी गोष्ट या मधल्या जमिनीतच आहे. १९५० नंतर मुंबईची उपनगरं कशी वाढली ते आपण बघितलंय, अंधेरी, मालाड, पवई, जिथे म्हणून सपाट जागा दिसली तिथे इमारत आली. आरेत नाही आली. का नाही आली? कोणी जंगल म्हणून राखलं होतं म्हणून नव्हे, तेव्हा तसा कोणाच्या डोक्यात विचारही नव्हता. ती जमीन कामात होती म्हणून. गवत कापायला माणूस रोज जात होता, म्हशी रोज दूध देत होत्या, त्या जमिनीला रिकामी म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. आणि त्या आडोशाने बाकीचं सगळं टिकलं. बिबट्या टिकला, कारण पलीकडे संजय गांधी नॅशनल पार्क आणि अलीकडे रात्री शांत असलेली गवताची रानं. कोळी, विंचू, बेडूक, साप टिकले. आरेच्या नावावरून ज्याचं शास्त्रीय नाव पडलंय असा विंचूही आहे, लायकस आरेयेन्सिस, इथेच सापडलेला. ओशिवरा नदी इथून निघते. हे सगळं एका डेअरी फार्मच्या कुशीत वाढलं.

आता पाडे. वसाहत व्हायच्या कितीतरी आधीपासून इथे वारली, कोकणा, मल्हार कोळी लोक राहतात. सत्तावीस पाडे मोजतात, केल्टीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, नवशाचा पाडा, चाफ्याचा पाडा, वनीचा पाडा. आरेला ओपन स्पेस म्हणताना जी मोठी चूक होते ती ही, की ऐकणाऱ्याला वाटतं मोकळी म्हणजे माणसं नसलेली. पाड्यातल्या लोकांची इथे भातखाचरं आहेत, घराच्या मागे भाजीपाला आहे, शेवगा आहे, ताडी आहे, पावसाळ्यात रानभाज्या निघतात. वाघोबाची पूजा होते. त्यांना बिबट्या दिसला की ते मोबाइल काढून धावत नाहीत, वाट देतात. गेल्या काही वर्षांत हल्ले झालेत, लहान मूल गेलं, ते दुःख मी कमी लेखत नाहीये, पण रस्त्यावर दिवे, संडासाची सोय, वेळच्या वेळी उचललेला कचरा एवढं जरी दिलं असतं तरी पाड्यातलं जगणं कितीतरी सुरक्षित झालं असतं. कित्येक वर्षं साध्या पाण्याच्या नळासाठी आणि विजेच्या मीटरसाठी भांडलेली ही माणसं आहेत. शेत जपायचं म्हणजे शेत करणारा आधी जपायचा, नाहीतर जपलं काय.

माझ्या लहानपणी आरे म्हणजे आधी दुधाची बाटली आणि मग जागा. आरे केंद्रावर पहाटे रांग, तारेची जाळीची ती बाटल्या ठेवायची खोकी, केंद्रावर बसलेल्या कॉलेजच्या ताई, त्यांचं शिक्षण त्या पगारावर व्हायचं असं आई सांगायची. मग शाळेची सहल, छोटा काश्मीर, तळ्यातली होडी, म्हशींचा वास आला की सगळ्या वर्गाने नाक धरायचं आणि बाईंनी ओरडायचं. मुंबईतल्या दोनतीन पिढ्यांनी म्हैस जवळून पहिल्यांदा पाहिली ती इथे. दूध पिशवीत कुठून येतं हे मुलांना कळण्याची मुंबई शहराच्या हद्दीतली एवढी मोठी जागा दुसरी नाही. आता ते होत नाही फारसं. सरकारी दूध योजना हळूहळू आटत गेली, खाजगी आणि सहकारी ब्रँड आले, तबेलेवाले आपलं दूध बाहेर विकायला लागले, केंद्रं म्हणजे वडे, चहा आणि चिप्सची दुकानं झाली.

आणि दूध आटलं तशी जमीन जायला लागली, हे मी नीट क्रमाने सांगते कारण यातच धडा आहे सगळा. १९७७ ची फिल्म सिटी, पाचशेवर एकर. राज्य राखीव पोलिसांचा एसआरपी कॅम्प. २६/११ नंतर फोर्स वन या दहशतवादविरोधी पोलीस दलाला जागा. पशुवैद्यकीय कॉलेज, कुठली प्रशिक्षण केंद्रं, संशोधन केंद्रं. यातलं एकेक कारण घेतलं तर प्रत्येक बरोबर वाटतं, पोलिसांना जागा नको का, सिनेमाला नको का. पण दरवेळी निघालेली जागा फार्ममधूनच निघाली आणि परत कधी आली नाही. ताटातली एकेक पोळी उचलावी तसं झालं, उचलणाऱ्या प्रत्येकाला भूक खरी होती, पण ताट कोणाचं ते कोणी विचारलं नाही.

मग मेट्रो तीनची कारशेड. सुमारे तेहेतीस हेक्टर. २०१६ मध्ये नॅशनल पार्कभोवतीचा इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेला पट्टा, जाहीर झाला तेव्हाच आरेतली १६५ हेक्टर जागा त्यातून बाहेर ठेवली गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने दोन हजार सहाशेवर झाडं तोडायला आणि हलवायला परवानगी दिली, ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ती रात्र आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. मुलंमुली पिकनिक पॉइंटकडे धावली, पोलिसांनी रस्ते बंद केले, एकोणतीस जणांना अटक झाली, त्यात कॉलेजची पोरं होती ज्यांच्या परीक्षा होत्या. ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोपर्यंत २१४१ झाडं पडली होती. पुढे सरकार बदललं, शेड कांजूरला न्यायची ठरली, ते कोर्टात अडकलं, परत सरकार बदललं, २०२२ मध्ये शेड परत आरेत आली. आता मेट्रो आरे ते कफ परेड धावतेय आणि लोकांचे तास वाचतायत, हे खरं आहे आणि चांगलंच आहे. माझं भांडण मेट्रोशी कधीच नव्हतं, गाड्या धुवायला आणि उभ्या करायला हीच जागा का, याच्याशी होतं, आणि आजही आहे.

पण त्या केसमध्ये जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली ती वेगळीच. सगळी लढाई जंगल या एका शब्दावर लढावी लागली, कारण कायद्यात संरक्षण जंगलाला आहे. फार्मला नाही. सरकारी डेअरीची जमीन म्हणजे खात्याची मालमत्ता, खातं म्हणालं आम्हाला आता लागत नाही की संपलं. २०२१ मध्ये ८१२ एकर वनविभागाकडे दिली गेली, नॅशनल पार्कला जोडली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण उरलेल्या जागेचं काय? जिथे तबेले आहेत, गवताचे प्लॉट आहेत, पाडे आहेत, ती जागा वनात बसत नाही, बागेत बसत नाही, आणि फाइलवर ती फक्त शिल्लक म्हणून दिसते. आणि मुंबईत शिल्लक या शब्दाचा अर्थ काय होतो ते आपल्याला माहीत आहे.

कुर्ल्याचं बघा ना. तिथली सरकारी डेअरी याच दूध योजनेची. डेअरीचं काम बंद पडलं, आवारात झाडं वाढली, लोक म्हणायला लागले इथे उद्यान करा, आणि २०२४ मध्ये ती २१ एकर जागा धारावी पुनर्वसनासाठी देऊन टाकली. कुर्ल्याचे लोक रस्त्यावर उतरले. धारावीकरांना घर मिळायलाच हवं, तो त्यांचा हक्क आहे, पण क्रम बघा, आधी काम बंद, मग जागा पडीक, मग पडीक आहे म्हणून वाटप. आरेत हाच क्रम तुकड्यातुकड्याने चालू आहे. म्हणून मी तबेल्यांबद्दल एवढं बोलतेय. तबेला बंद झाला की गवत कापायला कोणी जात नाही, गवताच्या प्लॉटवर आधी डेब्रिसचे ट्रक रिकामे होतात, मग पत्रे लागतात, मग कोणीतरी म्हणतं आता इथे राहिलंय काय.

माझ्या ओळखीतले काही पर्यावरणवाले मित्र यावर नाराज होतात. ते म्हणतात म्हशी हलवा, शेणाने नदी खराब होते, जनावरं दाटीने बांधलेली असतात, त्यापेक्षा सगळं जंगल होऊ दे. यातलं शेणाचं खरंच आहे. आज बऱ्याच ठिकाणी शेणपाणी सरळ ओढ्यात जातं आणि तिथून ओशिवऱ्यात. पण ते असं जातं कारण गवताचे प्लॉट तुटले, पाट बुजले, मूळची जी व्यवस्था होती ती मोडली. ती परत बसवता येईल, बायोगॅस आहे, खत आहे, मुंबईत गच्चीवर आणि बाल्कनीत झाडं लावणारे लाखो लोक शेणखत ऑनलाइन मागवतात आणि इथे ते वाहून जातंय. जनावरांना जागा जास्त हवी, मान्य, मग संख्या कमी करा, चरायला सोडा. आणि सगळं जंगल होऊ दे म्हणताना पाड्यातल्या माणसाच्या भातखाचराचं काय करणार याचं उत्तर त्या मित्रांकडे नसतं. शिवाय उघड्या गवतावर येणारे पक्षी दाट झाडीत येत नाहीत. पावसाळ्यानंतर त्या प्लॉटवर सकाळी जाऊन बघा, मुनिया, खंड्या, वेडे राघू, बगळे, गवत कापणाऱ्या माणसाच्या मागे मागे चालणारे गायबगळे. हे गवत माणसाने राखलंय, माणूस गेला की तेही जाईल.

आता कोणी म्हणेल बाई, फार्मला संरक्षण देणारा कायदाच नाही म्हणता तर करायचं काय. तर एक रस्ता आहे आणि तो आपल्याच राज्यात वापरलाय. पुण्यात गणेशखिंडची बाग, १८७३ ची, ब्रिटिशांच्या काळापासूनची सरकारी फळबाग. आजही तिथे फळझाडांवर संशोधन होतं, कलमं मिळतात, जुन्या आंब्यांची मातृवृक्ष म्हणून राखलेली झाडं आहेत. म्हणजे ती काही रान नाही, चालू असलेली शेतीची जागाच आहे. २०२० मध्ये राज्य सरकारने तिला जैविक वारसा स्थळ जाहीर केलं. जैवविविधता कायद्याचं कलम ३७. त्यात जंगलच असलं पाहिजे अशी अट नाही, माणसाने लावलेली, वापरात असलेली जागा सुद्धा बसते, आणि तिथल्या लोकांच्या वहिवाटीला मोडता घालावा लागत नाही. मला हे वाचलं तेव्हा वाटलं की आरेच्या उरलेल्या जागेसाठी हेच तर पाहिजे होतं, एवढी वर्षं आपण जंगल की नाही यात अडकून बसलो आणि हे दार तसंच राहिलं. स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून राज्य सरकारने ते जाहीर करायचं असतं. आणि महापालिकांना जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही कायद्यानेच बंधनकारक आहे, त्या नोंदवहीत आरेचे तबेले, गवताचे प्लॉट, पाड्यातली भाताची वाणं, रानभाज्या हे सगळं नावानिशी लिहून घ्यायला काही कोर्टाची परवानगी लागत नाही.

आणि लोकांसाठी खुली म्हणजे काय याबद्दलही बोलायचंय, कारण ओपन स्पेस म्हटलं की आपल्याकडे लगेच पेव्हर ब्लॉक, प्लास्टिकचे प्राणी, रंगीत कारंजी आणि गेटवर तिकीट. आरेत ते नको. आहे तो दिनकरराव देसाई रस्ता सकाळी काही तास गाड्यांना बंद ठेवा, रोज जमत नसेल तर रविवारी ठेवा, सायकलवाले आणि चालणारे आजीआजोबा जीव मुठीत धरून जातात तिथून. दोन तबेले असे ठेवा जिथे शाळेची मुलं जाऊ शकतील, दूध काढताना बघतील, शेणाचा गॅस पेटताना बघतील. पाड्यातल्या बायकांना भाजी विकायला बसायची नीट सावलीची जागा द्या, कारण आज त्या रस्त्याच्या कडेला धूळ खात बसतात. पायवाटा मातीच्याच राहू द्या आणि त्यावर घेऊन जायला पाड्यातली पोरं असू द्या, पगारावर, कारण कुठल्या ओढ्याला कधी जायचं आणि कुठल्या झाडीत अंधार पडल्यावर शिरायचं नाही हे त्यांना कळतं. खर्च फार नाहीये यात. फिल्म सिटीजवळ गोरेगाव-मुलुंडच्या जुळ्या बोगद्यांचं जे काम काढलंय त्याच्या पुढे हे काहीच नाही.

तबेलेवाल्यांशी बोललात तर ते एकच गोष्ट सांगतात, उद्याची खात्री नाही. लायसन फी वाढते, शेड गळतं, दुरुस्ती खातं करत नाही आणि स्वतः केली तर अनधिकृत. पुढची पिढी यात नाही पडणार म्हणतात. त्यामुळे पहिलं काम मला हेच वाटतं, तबेलेवाल्यांना आणि गवत कापणाऱ्यांना लांब मुदतीचे करार आणि शेडची दुरुस्ती, पाड्यांच्या वनहक्काच्या आणि घराच्या दाव्यांचा निकाल, आणि जोपर्यंत वारसा स्थळाचं ठरत नाही तोपर्यंत खात्याने आरेतली एकही एकर कोणालाही, कितीही चांगल्या कामासाठी, द्यायची नाही असा लेखी निर्णय. आमच्या वॉर्डातून निवडून येणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारणार आहे, कुठल्याही पक्षाचा असो, आणि गोरेगाव, मरोळ, पवईतल्या प्रत्येक सोसायटीने विचारावं असं मला वाटतं, कारण या जमिनीचे मालक आपण आहोत, १९४९ पासून.